पंचनाम्याच्या आधी विचारायचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली आणि त्यांचा विषय जवळजवळ एकच होता. अतिवृष्टी, वादळ, गारपीट किंवा दुष्काळ येऊन गेल्यावर काय होते ते सर्वांना पाठ आहे. पण तो येण्याआधी आपल्या भागातील शेती कितपत तयार आहे हे तपासायचे असेल, तर ती तपासणी आखायची कशी, असे वाचक विचारत आहेत. म्हणून या अंकातील सदर या एकाच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांच्या विनंतीवरून नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी चाळीसगाव तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचा संचालक आहे. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, तेव्हा आमच्या अनेक सभासदांची जमीन खरडून गेली आणि गोठ्यात बांधलेली गुरे दगावली. पुढे दोनच वर्षांनी, ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी, राज्यातील ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला त्यांत आमचा तालुका होता. दोन्ही वेळा पंचनामे झाले, कमीअधिक मदतही मिळाली. परंतु पुढच्या वेळी काय वेगळे करायचे याबद्दल कोणीच बोलत नाही. तालुक्यातील शेतीच्या आपत्ती जोखीम व्यवस्थापनाचे मूल्यमापन आम्ही स्वतः करावे असे ठरवले आहे. ११२ प्रश्नांची प्रश्नावली सोबत पाठवत आहे. ती पुरेशी आहे का?

उत्तर : आपली प्रश्नावली दोनदा वाचली. तिच्यामागे पुष्कळ मेहनत आहे, तरीही ती महिनाभर बाजूला ठेवावी अशी माझी स्पष्ट सूचना आहे. त्या ११२ प्रश्नांपैकी बहुतेक प्रश्न किती एकर, किती क्विंटल, किती जनावरे असे आहेत, म्हणजे ते पंचनाम्याचेच प्रश्न आहेत. पंचनामा काय गेले ते सांगतो आणि मदत वाटपासाठी तो आवश्यकच असतो. मूल्यमापनाने मात्र ते का गेले, कुणाचे जास्त गेले, आणि जे वाचवता आले असते ते वाचवण्याचे काम नेमके कुणाकडे होते, हे शोधायचे असते. प्रश्नावली आधी आणि हेतू नंतर, असे झाले की शेवटी हाती मोठा तक्ता येतो आणि त्याचे काय करायचे ते कुणालाच ठाऊक नसते.

म्हणून कोऱ्या कागदावर पहिले वाक्य हे लिहा की ही पाहणी कुणाच्या कोणत्या निर्णयासाठी आहे. आपल्या कंपनीपुरते निर्णय म्हटले, तर दुबार पेरणीसाठी बियाणे राखून ठेवायचे का, चाऱ्याचा सामायिक साठा करायचा का, नदीकाठच्या सभासदांचे पंप उचलायला ट्रॅक्टर ठरवून ठेवायचा का, असे ते असतील. शासनाच्या पातळीवरचा निर्णय असेल तर त्याला कायद्याने जागा दिलेली आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली आणि जिल्हा परिषद अध्यक्षांच्या सहअध्यक्षतेखाली प्राधिकरण असते, आणि कलम ३१ प्रमाणे जिल्ह्याची आपत्ती व्यवस्थापन योजना दरवर्षी तपासून अद्ययावत करायची असते. आपले निष्कर्ष त्या योजनेच्या शेतीविषयक भागात जावेत असे वाटत असेल, तर मान्सूनपूर्व तयारीच्या बैठका सुरू होण्याआधी, म्हणजे एप्रिलअखेर, ते लेखी पोचले पाहिजेत. ही तारीख धरून मागे मोजत आलात की पाहणीचे वेळापत्रक आपोआप ठरते: २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत कल्पना मांडायची, दिवाळीनंतर कागदपत्रे गोळा करायची, रब्बीत गावभेटी करायच्या, मार्चमध्ये लिहायचे आणि १ मेच्या ग्रामसभेत गावाला वाचून दाखवायचे.

त्यानंतर धोक्यांची यादी करावी. पण ती यादी म्हणजे जोखीम नव्हे. तोच पूर दोन शेतांत शिरतो आणि एकाचा हंगाम जातो, तर दुसऱ्याची दहा वर्षांची कमाई जाते. आपण ज्या गोठ्यांचा उल्लेख केला आहे त्यांचेच उदाहरण घेऊ. नदीकाठच्या मळ्यात गोठा, मालकाचे घर गावात, जनावरे साखळीने खुंट्याला बांधलेली आणि पाणी रात्री आलेले. येथे धोका पुराचा आहे, गोठ्याच्या जागेमुळे त्याची झळ लागते, आणि साखळी व रात्रीची गैरहजेरी यांमुळे झळ सोसण्याची ताकद उरत नाही. या तिन्हींचा वेगवेगळा विचार केला की उपायही वेगवेगळे दिसू लागतात. पाऊस थांबवता येत नाही आणि गोठा हलवायला पैसा लागतो, पण इशाऱ्याच्या रात्री जनावरे मोकळी सोडण्याची किंवा गावाकडे आणण्याची जबाबदारी नावानिशी ठरवायला एक बैठक पुरते. गावभेटीत ‘रात्री दोनला पाणी आले तर दावे कोण सोडणार?’ असे विचारून पाहा. उत्तर देण्याआधी लोक किती वेळ थांबतात तेही लिहून ठेवा.

पाहणीचा गाभा मात्र यापुढे आहे. एक मोठा कागद घेऊन त्यावर डावीकडे संबंधितांची नावे लिहावीत: जिल्हा नियंत्रण कक्ष, तहसीलदार, तालुका कृषी अधिकारी, जलसंपदा आणि पशुसंवर्धन विभाग, बाजार समिती, विकास सोसायटी, विमा कंपनी, ग्रामपंचायत, पोलीस पाटील, आपली कंपनी. वरच्या बाजूला आपत्तीच्या आधी, आपत्तीत आणि नंतर असे तीन रकाने आखावेत. आता प्रत्येक चौकोनात कागदावर ठरलेले काम एका शाईने आणि मागच्या खेपेला प्रत्यक्ष झालेले काम दुसऱ्या शाईने लिहावे. माझा आजवरचा अनुभव असा की ‘नंतर’चा रकाना दोन्ही शायांनी भरून जातो आणि ‘आधी’चा रकाना जवळजवळ कोरा राहतो. ती कोरी जागा दाखवता आली तरी आपले निम्मे काम झाले असे समजावे.

त्या कोऱ्या जागेमागे पैशाचाही प्रश्न आहे आणि तो पाहणीत आलाच पाहिजे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून पिकासाठी मदत मिळते ती नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांत जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, असे दर दोन हेक्टरांच्या मर्यादेत होते. हा सगळा पैसा आपत्तीनंतरचा आहे. आपत्तीआधीच्या कामासाठी पंधराव्या वित्त आयोगाने राज्याच्या आपत्ती जोखीम निधीचा २० टक्के भाग सौम्यीकरणासाठी वेगळा ठेवला, हे गावपातळीवर फार थोड्यांना माहीत असते. याशिवाय कृषी विभागाच्या योजना आणि ग्रामपंचायतीचा स्वतःचा आराखडा आहेतच. पीकविम्याची माहिती मात्र ताजी घ्या. खरीप २०२५ पासून राज्याने स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसानीचे संरक्षण वगळून भरपाई पीक कापणी प्रयोगातील उत्पादनावर आणली. त्यामुळे त्याआधीच्या अनुभवावरून ‘विमा आहेच’ असे कुणी सांगितले तर ते तसेच उतरवून घेऊ नये.

तालुक्याच्या हद्दीत अडकून पडू नका, हेही सांगावेसे वाटते. आपली तितूर गिरणेला मिळते, आणि गिरणा धरण नाशिक जिल्ह्यातील नांदगाव तालुक्यात आहे. तिकडून पाणी सोडल्याची सूचना आपल्या गिरणाकाठच्या गावांना कोणत्या मार्गाने आणि किती तास आधी मिळते, हे विचारायला एक माणूस धरणावरच्या कार्यालयात पाठवावा लागेल. हतनूरचेही तसेच आहे: धरण भुसावळजवळ, पण तेथे येणारे पाणी मध्य प्रदेशातून तापीने आणि विदर्भातून पूर्णेने येते.

गावे किती घ्यावीत? सहा पुरेत, पण ती एकसारखी नसावीत. डोंगराच्या पायथ्याचे एक, दोन नद्यांच्या संगमाजवळचे एक, कालव्याच्या शेपटाकडचे एक, निव्वळ जिरायती एक, दोन्ही आपत्तींत सापडलेले एक आणि दोन्हींतून बऱ्यापैकी सावरलेले एक. हे शेवटचे गाव लोक हमखास गाळतात, आणि खरे तर सर्वात जास्त शिकायला तेथेच मिळते. प्रत्येक गावाला दोन पूर्ण दिवस द्या, संघात शेतीचा, जनावरांचा आणि हिशेबाचा जाणकार असू द्या आणि निदान निम्म्या स्त्रिया असू द्या. पहिले गाव रंगीत तालीम समजून करावे. मग आपली ती प्रश्नावली बाहेर काढावी आणि ज्या प्रश्नाच्या उत्तराने कुणाचाही निर्णय बदलणार नाही तो खोडावा. चाळीस प्रश्न उरले तरी ते पुष्कळ आहेत.

प्रश्न : मी रावेर तालुक्यातील केळी उत्पादक आहे. मे-जूनमध्ये वादळ येते आणि तासाभरात बाग आडवी होते. वारा काही आपल्या मूल्यमापनाला विचारून येत नाही. मग या सगळ्या कागदपत्रांचा केळीवाल्याला उपयोग काय?

उत्तर : आपला वैताग रास्त आहे. कापणीला पंधरा दिवस उरलेली बाग आडवी झालेली ज्याने पाहिली आहे, तो असा प्रश्न विचारणारच. पडलेल्या बागेत उभे राहिले की काही झाडे कंदासकट उपटलेली दिसतात, काही खोडे मध्येच मोडलेली असतात, आणि घड जमिनीवर आपटून कोवळ्या फण्यांतून चीक गळत असतो. पण त्याच शिवारात, त्याच वाऱ्यात, तीन महिन्यांची बाग पाने फाटून का होईना, उभी असते. मूल्यमापनाची सुरुवात या फरकापासून करायची.

जून-जुलैत लावलेली मृगबाग साधारण आठव्या-नवव्या महिन्यात निसवते, तिचे घड बाहेर पडतात, म्हणजे एप्रिल ते जून या काळात तिच्यावर घडांचे सर्वाधिक वजन असते आणि वळवाच्या वादळांचा काळही नेमका तोच आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेला कांदेबाग त्या वेळी निसवणीच्या तोंडावर असतो. त्याचे दुखणे निराळे, ते म्हणजे कोवळ्या वयात सोसावी लागणारी डिसेंबर-जानेवारीची थंडी. तेव्हा गावनिहाय एक बारमाही पट्टी आखावी. वरच्या ओळीत वादळ, उष्णता, थंडी, गारपीट आणि पूर यांचे महिने लिहावेत, खालच्या ओळीत प्रत्येक लागवडीच्या अवस्था. दोन्ही ओळी जेथे एकमेकींवर येतात ते महिने लाल करावेत. गावातील किती बाग त्या लाल महिन्यांत घडावर असते हे एकदा आकड्यात दिसले की, सगळ्यांनी एकाच हंगामात लावावे का, हा प्रश्न गावकरी स्वतःच विचारू लागतात. तो प्रश्न बाहेरून आलेल्या माणसाने विचारून भागत नाही.

यानंतर तयारीकडे यावे. बागेभोवती वारा अडवणारी शेवरीची दाट ओळ किती शेतकऱ्यांकडे उरली आहे आणि ज्यांनी काढली त्यांनी ती का काढली, हे विचारावे. पाणी खाते, जागा खाते, ट्रॅक्टर वळत नाही ही कारणे खरी असतात आणि त्यांना उत्तर दिल्याशिवाय शेवरी परत येत नाही. घडाला बांबूचा टेकू किंवा पट्टीचा आधार देण्याचा खर्च झाडामागे किती पडतो आणि तो कोणत्या महिन्यात करावा लागतो, हेही लिहावे. दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात, त्यामुळे झाडामागे चार रुपये वाढले तरी हेक्टरी जवळजवळ १८,००० रुपये होतात, आणि हा खर्च नेमका हातात पैसा नसलेल्या महिन्यात येतो. म्हणजे येथे अडचण माहितीची नसून खेळत्या पैशाची आहे. सल्ला देणारी पत्रके कितीही वाटली तरी ती सुटत नाही. सोसायटीने त्या महिन्यात आधारासाठी छोटे कर्ज द्यायचे ठरवले तर सुटू शकते.

एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधतो. वादळ सर्वांना दिसते, म्हणून त्याची चर्चा होते. परंतु कुकुंबर मोझॅक विषाणूने होणारा, आपल्याकडे हरण्या म्हणून ओळखला जाणारा रोग बागेत हळूहळू शिरतो, मावा किडीमार्फत पसरतो, आणि त्याचे झाड उपटून नष्ट करण्यावाचून इलाज नसतो. शेजाऱ्याने उपटले नाही तर आपण उपटून उपयोग नाही. पाहणीच्या यादीत ही मुकी आपत्तीही धरा, आणि रोगट झाड दिसल्यावर कुणी कुणाला सांगायचे हे गावात ठरलेले आहे का ते विचारा. जळगावचे केळी संशोधन केंद्र आणि पाल येथील कृषी विज्ञान केंद्र आपल्या हाताशी आहे. पट्टी आखतानाच तेथील शास्त्रज्ञांना सोबत घ्यावे.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यात महिला बचत गटांच्या कामात आहे. पाहणीला येणारे लोक सरपंचांच्या ओट्यावर बसतात, चहा घेतात, फॉर्म भरून निघून जातात. आमच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांपर्यंत कोणी पोचत नाही. पोचले तरी घरे बंद असतात, कारण माणसे कामाला बाहेरगावी गेलेली असतात. आखणी करताना हे कसे टाळावे?

उत्तर : ताई, आपल्या पत्रातला शेवटचा भाग प्रत्येक पाहणीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखा आहे. दिवाळीनंतर सातपुड्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला जातात आणि होळीला परततात. चाळीसगावच्या वाचकांना मी रब्बीत गावभेटी सुचवल्या. तेच वेळापत्रक धडगावला लावले तर ज्यांच्यावर आपत्तीची झळ सर्वाधिक, तेच पाहणीतून गळतील आणि अहवालात त्यांची शेते ‘पडीक’ म्हणून नोंदली जातील. आपल्याकडच्या गावभेटी होळीनंतर, मोहफुले वेचण्याची घाई पाहून, ठरवाव्यात. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत कोणी प्रश्नावली घेऊन आले तर त्याला नम्रपणे आठवडाभर थांबायला सांगावे.

सपाटीवरही अशीच एक बारीक बाब आहे. खान्देशात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बदलतो. ज्याने वर्षभर शेत राखले, पाणी कुठून शिरते आणि बांध कुठे फुटतो हे ज्याला मालकापेक्षा जास्त ठाऊक असते, तो माणूस आखाजीनंतर दुसऱ्या गावाला गेलेला असतो. त्याला आखाजीआधी गाठले पाहिजे.

कुणाला विचारायचे, याचे माझे उत्तर असे की सातबाऱ्यावर ज्यांचे नाव नाही त्यांना आधी. निम्मे बटाईने करणारा, वनजमिनीचा दावा मंजूर न झालेला, नवऱ्याच्या नावावरची शेती एकटीने ओढणारी, कापूस वेचून किलोवर मजुरी घेणारी: यांपैकी कुणाचेही नुकसान पंचनाम्यात सहसा येत नाही, कारण पंचनामा गटनंबराने चालतो. बायकांची बैठक वेगळी घ्यावी, आणि ती त्यांच्या वेळेला घ्यावी. पावरी, भिली, मावची किंवा अहिराणी, जी बोली घरात चालते तीत विचारणारी व्यक्ती संघात हवी; दुभाषा सरपंचांच्या घरचा असेल तर उत्तरेही त्याच ओट्यावरची येतील.

आपल्या नंदुरबार शहरातले एक उदाहरण देतो. लाल मिरची वाळायला उघड्या मैदानातील पथारीवर पसरलेली असते आणि दिवाळीच्या आगेमागे अवकाळी पाऊस येतो. इशारा दुपारीच मोबाइलवर आलेला असतो. पण तो संदेश व्यापाऱ्याच्या फोनवर येतो, मिरची गोळा करायची असते मजूर बायकांनी, आणि संध्याकाळी त्या घरी गेलेल्या असतात; ताडपत्र्या असतात पण त्या सगळ्या पथारीला पुरत नाहीत. सकाळी भिजलेली मिरची काळी पडू लागते. आता हे नुकसान कुणाचे? मिरची विकून झाली असल्याने शेतकऱ्याचे नाही, म्हणून त्याचा शेतीच्या पंचनाम्याशी संबंध नाही. व्यापाऱ्याचा माल जातो, आणि त्या बायकांचे पुढचे कित्येक दिवसांचे काम जाते. माझ्या मते शेतीचे मूल्यमापन बांधावर संपता कामा नये, ते पथारीपर्यंत गेले पाहिजे. इशारा कुणाला मिळाला, त्याने कुणाला सांगितले, हात किती होते, ताडपत्री किती होती आणि पहिला थेंब पडेपर्यंत किती वेळ होता, ही साखळी एकदा मिनिटांत लिहून काढा. ती कोठे तुटते ते बचत गटातल्या बायका कुणाहीपेक्षा आधी दाखवतील.

प्रश्न : मी साक्री तालुक्यातील निवृत्त शिक्षक आहे. आमच्याकडे पांझरा नदीवर सामूहिक सिंचनाची जुनी फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. आपत्ती व्यवस्थापनाच्या मूल्यमापनात अशा जुन्या गोष्टींना काही स्थान असते का, की ते केवळ इतिहासात घालायचे?

उत्तर : गुरुजी, त्यांना अगदी मध्यभागी स्थान आहे. फडात नदीवरच्या बंधाऱ्याचे पाणी पाटाने येते आणि गावाची भिजणारी जमीन काही फडांत विभागलेली असते. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, आणि बहुतेक शेतकऱ्यांची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असते. ज्या वर्षी पाणी कमी, त्या वर्षी कोणते फड भिजवायचे आणि कोणते कोरडे ठेवायचे हे सर्वांनी मिळून ठरवायचे. विखुरलेल्या जमिनीमुळे कोरड्या फडाचा तोटा एकट्यादुकट्यावर न पडता वाटला जातो. पाटकरी पाणी देतो, जागल्या पीक राखतो, दोघांचा मोबदला गाव देते. दुष्काळाच्या जोखमीची वाटणी, आधी ठरलेला निर्णय, अंमलबजावणी करणारा माणूस आणि त्याचा खर्च, या चारही गोष्टी यात आहेत. आजच्या कित्येक छापील आराखड्यांत त्यांपैकी दोनच सापडतात.

मात्र पाहणीत तिचे गुणगान न करता तिची आजची स्थिती तपासावी. बंधाऱ्याची डागडुजी शेवटची केव्हा झाली, वर धरणे आणि खाजगी विहिरी झाल्यावर बंधाऱ्यात पाणी किती दिवस टिकते, पाटकऱ्याला आज कोण पैसे देतो, विहीरवाल्याला फडाच्या निर्णयाची गरज उरली आहे का, हे विचारा. आपल्याच तालुक्यातील बारीपाड्याने जंगल आणि पाणी राखण्याचे नियम गावाने ठरवून गावाने पाळले, आणि त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. फड आणि बारीपाडा यांत काळाचे अंतर आहे, पण दोन्हीकडे टंचाईच्या वर्षातला निर्णय टंचाई येण्याआधी झालेला आहे. आपण गावातील वृद्धांना एकत्र बसवून १९७२ च्या दुष्काळात फडाचे काय ठरले होते एवढेच उतरवून घेतलेत, तर तालुक्याच्या मूल्यमापनाला त्याचा मोठा आधार होईल.

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातील कृषी पदविकेचा विद्यार्थी आहे. पाहणीसाठी पावसाची आकडेवारी महसूल मंडळाची मिळते, पण आमच्या गावात ढगफुटीसारखा पाऊस झाला त्या दिवशी मंडळाच्या नोंदीत फारसे काहीच नव्हते. कोणता आकडा धरावा?

उत्तर : दोन्ही धरावेत आणि शेजारीशेजारी मांडावेत. महावेध प्रकल्पातून मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, ही मोठीच सोय झाली. परंतु एका मंडळात अनेक गावे असतात आणि वळवाचा पाऊस एका शिवारावर कोसळून शेजारचे शिवार कोरडे ठेवतो. २४ तासांत मंडळात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर तो अतिवृष्टी धरला जातो, म्हणून मदतीच्या प्रश्नात मंडळाचा आकडाच चालतो, आणि फळपिकांच्या हवामान आधारित विम्यात तापमानासारख्या बाबी केंद्राच्या नोंदीवरच ठरतात. आपल्या पाहणीत केंद्रापासून गावाचे अंतर, केंद्र उघड्यावर आहे की झाडाच्या किंवा भिंतीच्या आडोशाला, आणि मागील पाच वर्षांत गावाचा अनुभव व केंद्राची नोंद कितीदा जुळली नाही, एवढे तरी नोंदवा. या तफावतीलाच जोखीम म्हणून लिहा, कारण त्या दिवशी नुकसान होऊनही शेतकरी मदतीबाहेर राहतो.

पुढच्या पावसाळ्यासाठी गावात साधे पर्जन्यमापक बसवावे. ते झाड आणि भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावे, तोंड समतल असावे, आणि वाचन रोज सकाळी साडेआठला घ्यावे, म्हणजे हवामान विभागाच्या नोंदीशी ते ताडता येईल. वाचन घेणारे दोघे ठरवावेत, कारण एकटा असला की लग्नसराईत नोंद चुकते. वही ग्रामपंचायतीत ठेवावी, दर आठवड्याला तिच्यावर सहायक कृषी अधिकाऱ्यांची सही घ्यावी, आणि ज्या दिवशी पाऊस पडला नाही त्या दिवशी रकाना कोरा न सोडता शून्य लिहावे.